बीडावरील अक्षरे

इतिहासाच्या शिक्षकाने पंपाच्या केसिंगवर लेख लिहावा, याचे स्मरणिकेच्या वाचकांना नवल वाटेल. त्याचे निमित्त आपल्या वसतिगृहाच्या विहिरीवर घडले. दोन उन्हाळ्यांपूर्वी तेथील जुना पंप बंद पडला. केसिंगला उभी भेग गेली होती. मिस्त्रींनी नवी बसवली आणि जुनी भंगाराच्या ढिगावर टाकली. ती उचलून मी वर्गात आणली, कारण तिच्यावर उठावाची अक्षरे होती: पाण्याची दिशा दाखवणारा बाण, काही आकडे आणि एक अर्धवट झिजलेली खूण. ज्यावर अक्षरे आहेत ते इतिहासाचे साधन, असे आम्ही मुलांना शिकवतो. मग हे साधन का नाही?

तुटलेल्या कडेकडे पाहिल्यावर भेगेचे कारणही दिसले. भिंतीची जाडी एका बाजूला अंगठ्याएवढी, तर दुसऱ्या बाजूला जेमतेम निम्मी होती. माझ्या वडिलांनी हे पाहिले असते, तर एका शब्दात निदान केले असते, "कोअर सरकलाय."

वडील पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातील एका फाउंड्रीत मोल्डर होते. ओतीव लोखंडाला आपल्याकडे बीड म्हणतात. त्या बीडाचे आणि पुढे पोलादाचे ओतकाम त्यांनी सव्वीस वर्षे केले. शाळेची पायरी ते चढले नव्हते. त्यांना अक्षरओळख झाली ती पॅटर्नवर ठोकायच्या धातूच्या सुट्या अक्षरांनी. पॅटर्न म्हणजे हव्या त्या वस्तूची लाकडी प्रतिकृती. ती पेटीत ठेवून भोवती वाळू ठासतात आणि मग अलगद काढून घेतात. पॅटर्नवरील सुलटे अक्षर वाळूत उलटे उमटते आणि ओतल्यावर धातूवर पुन्हा सुलटे होते. त्यामुळे वडिलांना अक्षरे दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येत. मी पहिलीत असताना पाटीवर उलटा 'र' काढला, तेव्हा आई रागावली आणि वडील हसले.

पंपाची केसिंग शंखाच्या आकाराची असते. आत फिरणारा पंखा पाण्याला वेग देतो. शंखाची वाट क्रमाने रुंदावत जाते, तसा पाण्याचा वेग घटतो आणि त्याचा दाब होतो. सतत बदलत जाणारी ही पोकळी पत्रा वाकवून किंवा ठोकळा कोरून साधणे फार अवघड असते. म्हणून ती ओततात. पोकळीच्या जागी वाळूचाच घट्ट गाभा, म्हणजे कोअर, साच्यात टांगलेला असतो. तापलेला रस त्याच्या भोवती भरतो. रसाच्या रेट्याने कोअर बोटभर जरी हलला, तरी एक भिंत जाड होते आणि दुसरी पातळ. बाहेरून रंग दिल्यावर काहीच कळत नाही. आमच्या विहिरीवरचा पंप असाच कित्येक वर्षे पातळ भिंतीवर चालला.

धातू थंड होताना आकसतो. बीड शंभरास सुमारे एक भाग आकसते, पोलाद सुमारे दोन भाग. म्हणजे एक मीटर लांबीचे पोलादी कवच हवे असेल, तर पॅटर्न दोन सेंटीमीटर मोठा करावा लागतो. पॅटर्न करणाऱ्या सुताराची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा सेंटीमीटर आपल्या सेंटीमीटरहून किंचित मोठा. जेथे धातूचा भाग जाड असतो, तेथे तो शेवटी गोठतो आणि आत पोकळी राहण्याचा धोका असतो. त्यावर उपाय म्हणून रायझर, म्हणजे वर रसाचा साठा ठेवतात. आकसणाऱ्या भागाला तो रस पुरवतो. वाळू योग्य आहे की नाही, हे वडील ती मुठीत दाबून आणि मोडून ठरवत. मोड स्वच्छ आला की वाळू तयार.

आता वीजकेंद्राकडे येऊ. लोणावळा, वळवण आणि शिरोटा येथील तलावांचे पाणी घाट उतरून खोपोलीच्या वीजगृहात जाते. उतार पाचशे मीटरांहून अधिक आहे. मुलांना मी गणित घातले. पाण्याचा दहा मीटरांचा स्तंभ दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो भार देतो. मग पाचशे मीटरांवर पन्नास किलो. तळहात शंभर चौरस सेंटीमीटरांचा धरला, तर त्यावर पाच हजार किलो. घाटाच्या पायथ्याच्या व्हॉल्व्हला हा भार आतून, सर्व बाजूंनी आणि रात्रंदिवस सोसावा लागतो. शिवाय वाहते पाणी एकाएकी अडवले, तर दाबाचा जो धक्का बसतो तो वेगळाच. औष्णिक केंद्रातील वाफेच्या व्हॉल्व्हची कथा निराळी. तेथे साधे ओतीव पोलाद सव्वाचारशे अंश सेल्सिअसच्या आसपास आपली मर्यादा गाठते. त्यापुढे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद लागते. म्हणून अशी मोठी कवचे दुकानातून उचलून आणता येत नाहीत. त्या केंद्राची उंची, दाब, तापमान आणि पाण्याची प्रत पाहून आराखडा होतो. कधी एकाच नगासाठी पॅटर्न बनतो. ओतल्यावर क्ष-किरणांनी आतील पोकळ्या शोधतात आणि नेमलेल्या दाबाच्या दीडपट दाबाचे पाणी भरून पाहतात. भट्टीच्या प्रत्येक घाणीला क्रमांक असतो. त्याला हीट नंबर म्हणतात. तो कवचावर असला, की वर्षांनंतरही त्या रसात काय काय होते, हे कागदोपत्री शोधता येते.

८ फेब्रुवारी १९१५ रोजी खोपोलीचे वीजगृह सुरू झाले, तेव्हा त्याची मुख्य यंत्रे युरोपातून आली होती. जमीन, पाऊस आणि राबणारे हात मात्र येथले. शेजारच्या मुळशी खोऱ्यात धरणाविरुद्ध शेतकऱ्यांचा सत्याग्रह पेटला तो १९२१ मध्ये. विजेचा इतिहास लिहिताना ते पान गाळता येत नाही. याच काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीत नांगर ओतले जात होते. पंप पुढे आले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा राजर्षी शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या, ही हकिकत प्रसिद्धच आहे. तोफाही ओतीवच. एका साच्यातून निघालेला धातू दुसऱ्या साच्यात गेला, आणि या वेळी तो शेतात उतरला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता, हे मात्र आपल्या सभांतून कमी सांगितले जाते. २५ ऑक्टोबर १९४३ च्या धोरण समितीपुढील भाषणात त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेची मागणी मांडली आणि तिचा संबंध थेट दारिद्र्याशी जोडला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. त्यांच्याच कार्यकाळात कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. वीज आणि मजूर हे दोन विषय एकाच टेबलावर होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

कारण पुढे ते पुन्हा वेगळे झाले. कवचाची तपासणी क्ष-किरणांनी होत असे. ओतणाऱ्याच्या छातीची झाली ती फार उशिरा. वाळूची बारीक धूळ फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस हा १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार कळवणे बंधनकारक असलेला आजार होता. वडिलांच्या कागदावर शेवटपर्यंत 'दमा' एवढेच राहिले. त्यांनी ओतलेल्या कवचांतला कार्बन किती, सिलिकॉन किती, याच्या नोंदी होत्या. त्यांच्या श्वासात गेलेल्या सिलिकाची नोंद कोणी ठेवली नाही.

दरवर्षी सहलीला मी मुलांना कार्ल्याच्या लेण्यांत नेतो. तेथे एक लेख आहे: धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, दर्शनी दाराचे काम केले. राजांच्या नावांबरोबर हा सुतारही बापाच्या नावासकट दगडात उभा आहे. कुड्याच्या लेण्यात कऱ्हाडचा महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी आहे. जुन्नरच्या लेखात कांस्यकारांची श्रेणी आहे आणि तिच्याकडे विश्वासाने ठेव ठेवलेली आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धातू घडवणाऱ्यांची संघटना आणि पत इतकी होती, की लोक दानाचा पैसा तिच्याकडे ठेवत. वडिलांनी ओतलेले एखादे कवच आजही कोठेतरी चालू असेल. त्यावर कारखान्याची खूण असेल, हीट नंबर असेल, बाण असेल.

२०२३ मध्ये शिरोटा आणि भिवपुरी येथे उदंचन जलविद्युत प्रकल्प उभारण्याचा करार राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात झाला. दोन्ही मिळून २८०० मेगावॉट. अशा केंद्रात गरज नसेल तेव्हा वीज वापरून पाणी परत वर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडतात. भिरा येथे १५० मेगावॉटचा असा संच आधीपासून आहे. म्हणजे मावळच्या डोंगरात पुन्हा मोठी कवचे आणि मोठे व्हॉल्व्ह येणार. आपले काही माजी विद्यार्थी आज चाकण-तळेगावच्या कारखान्यांत आहेत. कोणी आराखडे काढतो, कोणी साच्यावर आहे. दोघांनाही विनंती, की या वर्षी एकदा वर्गात यावे. आराखडा काढणाऱ्याने कवच समजावून सांगावे. साच्यावर असणाऱ्याने वाळू मुठीत कशी दाबतात ते दाखवावे, आणि छातीची तपासणी शेवटची कधी झाली तेही मुलांसमोर सांगावे.

आमचे फुटके केसिंग आता इतिहासाच्या वर्गातल्या खिडकीखाली आहे. नववीच्या मुलांनी त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीने ठसा घेतला, शिलालेखाचा घेतात तसा. बाण उमटला, आकडे उमटले. झिजलेली खूण उलटसुलट करून पाहिली, तरी लागली नाही. एका मुलीने ठशाखाली तारीख घातली आणि विचारले, "सर, हे ओतणाऱ्याचं नाव या कागदावर कुठे लिहायचं?" मी तिला खालची मोकळी ओळ दाखवली.