आधी पाणी, मग रोपे

प्रश्न : आमच्या खाडीकाठची ओसाड खाजण जमीन गावाने कांदळवनाखाली आणायची ठरवली आहे. रोपे किती आणि कोणती लावावीत?

उत्तर : रोपांचा आकडा ठरवण्याआधी भरतीचे पाणी तिथवर पोहोचते का, ते पाहा. तिवर, चिप्पी, कांदळ यांची बीजे भरतीच वाहून आणते. कांदळाचे बी तर झाडावरच रुजून मग चिखलात पडते. बांधातील बुजलेल्या मोरीमुळे पाणी अडले असेल, तर लावलेले रोपही तग धरत नाही. उलट पाणी खेळते झाले आणि जवळ जुनी झाडे असली, तर वन बहुधा आपणहून उगवते. म्हणून मोरी मोकळी करणे हे पहिले काम. लागवड फक्त रिकाम्या राहिलेल्या जागी, तीही आसपास आढळणाऱ्या जातींची.

यात वेळ जातो, त्यापेक्षा झटपट वाढणारा सुरू लावावा, असे कोणी म्हणेल. पण सुरू बाहेरून आणलेला, वाळूत वाढणारा. भरतीच्या चिखलात तो उपयोगाचा नाही. ‘लोक सरपणासाठी तोडतील’ हा आक्षेप अधिक खरा. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनाची नासधूस बेकायदा ठरवली, तरी रोजची राखण गावालाच करावी लागते आणि राखणाऱ्याला त्यातून मिळकत हवी. खेकडेपालन, कालवपालन यांसाठी राज्याची 2017 पासूनची योजना आहे. मात्र बांधाला हात लावण्यापूर्वी शेजारच्या भातशेतीवाल्यांची संमती आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी घ्या.