डिस्क भरली, पण कशाने?

बॅकअपबद्दल आपल्याकडे दोनदाच बोललं जातं : हार्ड डिस्क उडाल्यावर आणि सबमिशनच्या आदल्या रात्री. तिसरी वेळ कोणाच्या लक्षात येत नाही. बॅकअप सर्व्हर भरतो, रात्रीचा बॅकअप फेल होतो, आणि आपण तर कालच दोनशे जीबी डिलीट केलेलं असतं! मग जागा गेली कुठे? (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे इंग्रजी शब्द बरेच येतील. सांभाळून घ्या.)

आधी डीडुप्लिकेशन म्हणजे काय ते बघू. माझ्या गावी, ओझरला, एचएएलचा विमान कारखाना १९६४ पासून आहे. समजा, एकाच जातीच्या वीस विमानांच्या वीस फायली करायच्या आहेत. जाडजूड मॅन्युअल प्रत्येक फायलीत लावायचं, की एकच प्रत कपाटात ठेवून फायलींत फक्त चिठ्ठी लावायची? अर्थात चिठ्ठी! सॉफ्टवेअर तेच करतं. डेटाचे तुकडे पाडतं, प्रत्येक तुकड्याचा हॅश काढतं आणि तो आधीच साठवलेला असेल तर नुसती चिठ्ठी ठेवतं. बेल लॅब्जच्या 'व्हेंटी' सिस्टिमने २००२ मध्ये हॅशलाच ब्लॉकचा पत्ता बनवलं. आपल्या पुण्यात २००८ साली जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोथंडरामन यांनी सुरू केलेल्या ड्रुवा कंपनीनेही लॅपटॉपच्या बॅकअपसाठी हीच युक्ती वापरली.

आता हिशोब. होस्टेलची ६० मुलं, प्रत्येकाचा बॅकअप २० जीबी. त्यातले १५ जीबी सगळ्यांचे सारखे (लॅबची तीच ती सॉफ्टवेअर्स), ५ जीबी स्वतःचे.

लॉजिकल साइज : ६० × २० = १२०० जीबी.
डिस्कवर खरी जागा : १५ + (६० × ५) = ३१५ जीबी.
रेशो : सुमारे ३.८.

दोन्ही आकडे खरे आहेत! आता १० मुलं पास होऊन गेली, त्यांचे बॅकअप काढले. लॉजिकल साइज २०० ने उतरेल. डिस्कवर मात्र ५० जीबीच सुटतील, कारण त्या १५ जीबीवर उरलेल्या ५० जणांच्या चिठ्ठ्या आहेत. आणि हे ५० सुद्धा लगेच सुटत नाहीत.

म्हणून आकडे जुळले नाहीत तर या क्रमाने तपासा :

१) रिपोर्टमधला आकडा लॉजिकल की फिजिकल? निम्मी भांडणं इथेच मिटतात.

२) युनिट कोणतं? ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६४ दिसते. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. चोरी झालेली नाही.

३) गार्बेज कलेक्शन झालं का? डिलीट म्हणजे फक्त चिठ्ठी फाडणं. बेवारस तुकडे नंतर झाडले जातात. विंडोज सर्व्हरच्या डीडुप्लिकेशनमध्ये हे काम मुळात आठवड्यातून एकदा चालतं.

४) जुना स्नॅपशॉट आहे का? तो असेपर्यंत त्याचे ब्लॉक सुटणार नाहीत.

५) लिनक्सवर 'डीएफ' आणि 'डीयू' वेगळं सांगतात? डिलीट केलेली फाइल एखाद्या प्रोसेसने उघडी धरलेली असू शकते. 'एलएसओएफ' ने शोधा. शिवाय ईएक्सटी४ मध्ये ५ टक्के जागा रूटसाठी राखीव असते.

६) रेशो अचानक पडला? एन्क्रिप्ट किंवा झिप केलेला डेटा आला का बघा. त्यात सारखे तुकडे फारसे सापडत नाहीत.

एक धोका लक्षात ठेवा. डिस्क पूर्ण भरल्यावर साफसफाईलाही जागा लागते, आणि तीच नसते! म्हणून अलार्म लॉजिकलवर नाही, फिजिकल जागेवर लावा, आणि ८० टक्क्यांनाच लावा. घाबरून चंक स्टोअरच्या फोल्डरमधल्या फायली हाताने तर कधीच उडवू नका. एक तुकडा गेला की त्यावर चिठ्ठी असलेल्या साठच्या साठ जणांचे बॅकअप गेले.

फायनल इयरचं प्रोजेक्ट वर्षभर चालतं, डिस्क एका रात्रीत भरते. तेव्हा महिन्यातून एकदा एखादी फाइल रिस्टोअर करून बघा. रिपोर्ट काहीही म्हणो, परत मिळाली तीच फाइल आपली!