डाग की वण?

ये, अशी खिडकीपाशी बस. बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली काही कळत नाही, तिरपा उजेड लागतो. आता डोळे मीट आणि गालावरून हळूच बोट फिरव. बोटाला काही लागलं नाही ना? मग तो नुसता डाग. बोट खाली उतरलं किंवा अडखळलं तर तो वण. लोक दोन्हींना डागच म्हणतात आणि भलत्यावरच पैसे घालवतात.

मुरूम बसला की मागे रंग उरतो, आपल्या सावळ्या कातडीत जरा जास्तच. तो आपणहून जातो, पण तीन महिने म्हण, वर्ष म्हण. ऊन लागलं की पुन्हा गडद. म्हणून एसपीएफ ३० चं तरी सनस्क्रीन, तेही दोन बोटं भरून. तू लावतेस तेवढ्यानं नाकसुद्धा झाकत नाही. नवे मुरूम येतच असतील तर आधी ते थांबव. रात्री अ‍ॅडापॅलीन, वाटाण्याएवढं मलम, सगळ्या चेहऱ्याला. सुरुवातीला साल निघते, तेव्हा एक दिवसाआड लाव. दिवस जायचा विचार असेल तर मात्र हात लावू नकोस. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट अजिबात नको. कातडी भाजते आणि नवा डाग पडतो. बेसन-हळदीवर माझा राग नाही, फक्त त्यानं खड्डा बुजत नाही.

माझ्या क्रीमच्या ट्यूबची गोष्ट तुला ठाऊक नाही. पंचविशीत एका औषधवाल्यानं दिली होती. आठ दिवसांत चेहरा असा उजळला की मी वर्षभर चोपडली. बंद केल्यावर गाल लाल, नुसती आग, आणि पूर्वीपेक्षा दुप्पट पुटकुळ्या. आत स्टेरॉइड होतं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यातलं काही छापलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावायचं नाही.

आता खड्डे. आमच्या आजीच्या तोंडावर देवीचे वण होते, जाईपर्यंत तसेच राहिले. कातडीच्या आतला थरच खचलेला असतो, वरून लावलेलं क्रीम तिथं काय भरणार? काही खड्डे आतून धाग्यांनी ओढलेले असतात. डॉक्टर सुई घालून ते धागे सोडवतात. टाचणीनं टोचल्यासारखं बारीक, खोल भोक असेल तर त्यात टीसीए या तीव्र आम्लाचा थेंब टेकवतात. घरी हा उद्योग मुळीच करायचा नाही. बाकी खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग, म्हणजे बारीक सुयांनी टोचणं, नाहीतर लेसर. महिन्या-महिन्यानं चार-सहा खेपा होतात. कोणी एका खेपेत गाल सपाट करून देतो म्हणाला तर पर्स उचल आणि घरी ये. जबड्यावर किंवा छातीवर वण फुगून वर आला असेल, तर कापून टाका म्हणू नकोस, पुन्हा मोठा होऊन येतो. त्यात इंजेक्शन देतात.

जा, तुझ्या कपाटातल्या ट्यूबा घेऊन ये. आणि माझा चष्मा. बारीक अक्षर असतं मेलं.