महागडं चीज शाकाहारी असतं का?

प्रश्न: घराजवळच्या उंची किराणा दुकानातून इटालियन पार्मेजान चीज आणलं. दुधाचंच ना ते? शेजारीण म्हणते, शाकाहाऱ्यांना चालत नाही. – एक वाचक, पुणे

उत्तर: ताई, शेजारणीचं बरोबर आहे. अस्सल ‘पार्मिजानो रेज्जानो’मध्ये दूध, मीठ आणि वासराच्या जठरातून काढलेलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विकर, असतं. ते किमान १२ महिने मुरवतात, किंमत चढते ती त्यामुळेही. नकळत खाल्लंत, मनाला लावून घेऊ नका. सगळीच चीज अशी नसतात. भारतात बनणाऱ्या कित्येक चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं रेनेट वापरतात. वेष्टनावरची हिरवी खूण बघा. तुकडा कापून देत असतील, तर मूळ वेष्टन दाखवायला सांगा. संकोच अजिबात नको. शिवाय सुरुवातीला १०० ग्रॅमच घ्या. किसून वापरलं की पुष्कळ पुरतं.