परजातीय अवयवरोपण : लाभ एकाचा, जोखीम समाजाची

१८०५ च्या सुमारास थॉमस हिकी या चित्रकाराने म्हैसूरच्या राजघराण्यातील तीन स्त्रियांचे चित्र रंगविले. त्यातील एकीने पदर सारून दंड दाखविला आहे. देवीची नवी लस टोचून घेतल्याची ती खूण होय, असा अर्थ काही इतिहासकार लावतात. गाईंना होणाऱ्या देवीचा अंश माणसाच्या शरीरात घालण्याचा तो काळ होता. पुढे एकाच्या दंडावरील लस दुसऱ्याला टोचताना उपदंशासारखे रोगही पसरले. वासराच्या कातडीवर लस वाढविण्यास प्रारंभ झाल्यावर तो धोका टळला. मात्र जनावरांचे जिवाणू लसीत येऊ लागले. त्यांवर ग्लिसरीनचा उपाय सापडला.

प्राण्याचा जिवंत अवयव, ऊती वा पेशी माणसात बसविणे, म्हणजेच परजातीय अवयवरोपण, हा प्रश्न याहून कठीण आहे. जिवंत हृदय ग्लिसरीनमध्ये निर्जंतुक करता येत नाही. शिवाय शरीराने ते नाकारू नये म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबली जाते. विषाणूला याहून मोकळे रान कोणते? २०२२ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे डुकराचे हृदय बसविलेला रुग्ण दोन महिन्यांनी दगावला. त्या हृदयात डुकरांमधील सायटोमेगॅलो विषाणू आढळला. काटेकोर तपासणीने असा विषाणू टाळता येईल. परंतु डुकराच्या गुणसूत्रांतच वसलेले रेट्रोविषाणू पिढ्यान्‌पिढ्या वारशाने येतात. त्यांपुढे गोठ्याची स्वच्छता निरुपयोगी ठरते. ते मानवी पेशींना बाधित करू शकतात, हे प्रयोगशाळेत १९९७ मध्ये दिसले. रुग्णांत मात्र अशी बाधा अद्याप आढळलेली नाही. २०१७ मध्ये जनुकसंपादनाने हे विषाणू निष्क्रिय केलेली डुकरे जन्मास आली.

अर्थशास्त्रात ज्याला ‘बाह्यता’ म्हणतात, तिचे हे ठळक उदाहरण आहे. जीवदानाचा लाभ रुग्णाला मिळतो. नवा संसर्ग उद्भवल्यास त्याची किंमत कुटुंबीय, परिचारिका व अनोळखी सहप्रवासीही मोजतील. रुग्ण स्वतःपुरती संमती देऊ शकतो, इतरांच्या वतीने नाही. म्हणूनच अमेरिकेच्या २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णावर आजन्म देखरेख अपेक्षिली आहे. प्रयोगातून केव्हाही बाहेर पडण्याचा जो हक्क इतर चाचण्यांत निर्विवाद मानला जातो, त्याच्याशी या अटीचा उघड विरोध आहे.

भारतात १९९७ मध्ये आसाममधील सोनापूर येथे डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचे हृदय एका रुग्णास बसविले. रुग्ण दगावला व डॉक्टरांना १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली अटक झाली. परीक्षार्थींनी येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा : २०११ च्या दुरुस्तीने या कायद्यात ऊतींचा समावेश झाला, तरी त्याच्या व्याख्या मानवी अवयव व मानवी ऊती यांच्याच आहेत.