धुरीचे पिंप

मासळी टिकविण्याच्या दोन जुन्या रीती आहेत : ऊन आणि धूर. आम्हां कोकणीभाषकांकडे बोंबील उन्हात वाळवितात. पावसाळी हवेत मात्र धूरच कामास येतो. धुरीने मासळीतील पाणी घटते आणि धुरातील काही द्रव्ये तिचे कुजणे लांबवितात.

यासाठी २०० लिटरचे लोखंडी पिंप पुरते. पण ते निवडताना त्याचा पूर्वेतिहास पाहावा. वांकिडीचा मुलूख कापसाचा. येथे कीटकनाशकांची रिकामी पिंपे सहज दिसतात. ती कितीही धुतली वा भाजली तरी अन्नाला वर्ज्यच. खाद्यतेलाचे पिंप घ्यावे. आत लेप असल्यास वरचे झाकण पूर्ण काढून, उघड्या जागी, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली तो जाळून घासून टाकावा. बंद पिंप आगीवर कधीही ठेवू नये, ते फुटते.

जस्ताचा मुलामा दिलेली जाळीही नको. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सियसला वितळते. निखारे त्याहून तप्त असतात. जस्ताच्या धुराने हीव भरून ताप येतो. म्हणून जाळी बिनगंज पोलादाची असावी व निखाऱ्यांपासून सुमारे ६० सेंटिमीटर उंच बसवावी. हवेसाठी तळाशी तीन-चार व झाकणाला एक भोक ठेवावे.

सरपण आंब्याचे वा चिंचेचे, सुके असावे. रंगविलेले लाकूड व प्लायवूड टाळावे. हे पिंप घरात पेटवू नये, कारण कोंडलेला धूर प्राणघातक ठरतो.

ज्या भांड्यात पूर्वी काय होते हे ठाऊक नाही, त्यात अन्न ठेवू नये, एवढा नियम घरोघरी सांगावा.