शुष्क अस्थींचे खोरे

ज्यू लोकांच्या हिब्रू धर्मग्रंथांत यहेज्केल नावाच्या संदेष्ट्याचे एक विलक्षण दर्शन वर्णिलेले आहे. त्याच्या ग्रंथाच्या ३७ व्या अध्यायात ते येते. एका खोऱ्यात असंख्य मानवी अस्थी विखुरल्या आहेत आणि त्या पार सुकून गेल्या आहेत. 'या पुन्हा जिवंत होतील काय?' असे ईश्वर विचारतो. संदेष्टा होय म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. ते ईश्वरासच ठाऊक, एवढेच तो उत्तरतो. मग हाडास हाड जुळते. स्नायू, मांस व त्वचा चढते. तरीही ती प्रेतेच राहतात! चारी दिशांचा वारा त्यांत शिरतो, तेव्हाच ती उठून उभी राहतात.

या रूपकाचा अर्थ काय? इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबिलोनच्या राजाने यरुशलेमेतील अनेकांना धरून नेले. यहेज्केल त्यांपैकीच एक होता. पुढे सुमारे ५८६ मध्ये ते नगर व तेथील मंदिर भस्मसात झाले. त्या निर्वासितांची आशाच सुकून गेली. अस्थी म्हणजे हीच हताश प्रजा, असा उलगडा तो अध्याय स्वतःच करतो. हिब्रूतील 'रूआह' या एकाच शब्दाचे वारा, श्वास आणि आत्मा असे तिन्ही अर्थ होतात. आपल्या 'प्राण' शब्दाची येथे सहज आठवण होते. सांगाडा जुळणे निराळे आणि प्राण येणे निराळे, हे या दर्शनाचे मर्म आहे.

याची साक्ष आपल्याच भाषेच्या मुलुखात मिळते. कोकणातील बेने इस्राएल समाजाचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, अशी त्यांची परंपरा आहे. ते तेल गाळू लागले, मराठी बोलू लागले, हिब्रू विसरले. परंतु शनिवारची विश्रांती त्यांनी सोडली नाही. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. 'शेमा' या प्रार्थनेचे आरंभीचे शब्दही त्यांनी जपले. १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधणाऱ्या सॅम्युएल यहेज्केल दिवेकरांना मराठीत 'समाजी हसाजी' म्हणत. संदेष्ट्याचे नाव हसाजी झाले, पण टिकले! येथे सांगाडा जवळजवळ हरपला होता. प्राण मात्र राहिला होता.

विद्यार्थिमित्रहो, आपली स्थिती याच्या उलट तर नाही ना? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आपला पांढुर्णा-सौंसरचा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला. शाळा आहे, पुस्तके आहेत, हजेरीपट आहे. हा सारा सांगाडा होय. घरी आजीशी, मैदानावर सोबत्यांशी आणि एकांतात पुस्तकाशी आपण मराठीत बोललो, तरच त्यात वारा शिरेल. ही भाषा जिवंत राहील काय, असे आपणांस कोणी विचारले, तर त्याचे उत्तर आपण आपल्या नित्याच्या बोलण्यातूनच द्यावयाचे आहे.